धाकट्या बारवेचं पान

१७ मार्च, सोमवार

आज अकरा पोस्टी हलवल्या. अकरा! मंदिरातून आले, चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले आणि ‘पायरी’ ही साइट उघडली, तर मोटेच्या दगडांवर चाललेल्या धाग्यात कुणीतरी कैरीच्या लोणच्याची कृती टाकलेली. त्याखाली सात जण मेथी किती घालायची यावरून भांडतायत. चहा निवून गेला.

वीरधवलला फोन केला. साइट त्याची, साताऱ्यात बसून चालवतो. जुन्या विहिरी आणि बारवा हुडकायच्या, मोजायच्या, प्रत्येकीचं एक पान करायचं – या वेडापायी चारशे सदस्य जमवलेत पोराने. पण शिस्त शून्य. दोन वर्षांपूर्वी मला म्हणाला होता, ‘काकू, घर मी बांधलंय, लावायला तुम्ही या.’ तेहतीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय लावलं, मला काय जड होतं? आज स्पष्ट सांगितलं – अवांतर गप्पा वेगळ्या काढू देणार असशील तर मी संपादक, नाहीतर तुझं तू बघ. म्हणाला, ‘तुम्ही म्हणाल तसं, काकू.’

१९ मार्च, बुधवार

रचना ठरली. विहिरीच्या पानावर फक्त विहीर. माप, फोटो, तारीख – यातलं काहीच नसेल तर ती नोंद नव्हे, गप्पा. गप्पांसाठी ‘पार’ नावाचा वेगळा विभाग. त्याचे कप्पे पाडले: पशुपक्षी, आठवणी, खाणंपिणं, भुतंखेतं (विहीर म्हटलं की या लोकांना आधी आसरा आठवतात!) आणि इतर. पारावरचं काहीही पहिल्या पानावर दिसणार नाही, ईमेलनेही कळवलं जाणार नाही. ज्याला हौस असेल त्याने आत जाऊन वाचावं.

विहिरीच्या पानासाठी छापील नमुनाही केला. नाव, ठिकाण, तारीख, खोली, मोजणारा, शेरा. फार सुरेख दिसतो.

ब्राह्मी मागे उभी राहून बघत होती. ‘आई, तू एक दिवस बाबांना पण क्रमांक देशील.’ दिला असता तर निदान त्यांचा चष्मा तरी जागच्या जागी सापडला असता.

२२ मार्च, शनिवार

नव्या रचनेचं कौतुक झालं. तीस-चाळीस जणांनी लिहिलं, आता वाचायला बरं वाटतं. एकट्या आकाराम नावाच्या गृहस्थाला पत्ता नाही. लोणंदच्या पलीकडे कुठल्याशा वाडीत राहतो, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेला. बोलतो तसंच लिहितो आणि कुठेही लिहितो. आज एका बारवेच्या पानावर – ‘आवं म्याडम, आज शेरडाला ताप हाय, डाक्टर काय येत न्हाई.’ पुढे वीस ओळी. मी ‘पशुपक्षी’त टाकलं.

मी पहिली ओळ बघते आणि जागा ठरवते. पुस्तकाचंही तेच करायचे, सगळं पुस्तक वाचत बसलं तर फळी कधी लागणार? चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, हे मी मदतनीस मुलींना कितीदा सांगितलंय.

२८ मार्च, शुक्रवार

आकाराम पुन्हा. यावेळी त्याच्याच वाडीतल्या धाकट्या बारवेच्या पानावर. ‘बारवंतली पारवं आठ दिस झालं दिसंनात. माझा बा असल्यापास्नं हितं पारवं हाय. समदी उठून गेली.’

पारवे म्हणजे पक्षी. पशुपक्षी. हलवलं. खाली नम्रपणे लिहिलं – ‘आकारामभाऊ, विहिरीच्या पानावर कृपया मापं व फोटोच टाकावेत.’ तासाभराने उत्तर आलं. ‘व्हय म्याडम. चुकलं.’ जरा वाईट वाटलं.

३० मार्च, रविवार. पाडवा

वीरधवलने मोहीम जाहीर केली. वीस एप्रिलला धाकटी बारव! गाळ उपसून मोजणी करायची. आपल्या साइटवर सत्तर पानं पूर्ण आहेत, ही एकच जिची खोली रिकामी. मलाच ते खुपत होतं. दोनदा तरी मी लिहिलं असेल त्याला – ‘खोलीशिवाय पान अपुरं दिसतं.’

बारवेचा फोटो मोठा करून बघितला. वर चिंचेचं झाड, पायऱ्या उतरत जातात, तळाशी कमान. कमानीतून आत आणखी पायऱ्या आणि दालन, त्यापुढे पाणी. गुरंढोरं पडतात म्हणून विहिरीचं तोंड वरून फरश्या टाकून झाकून घेतलंय, त्यामुळे वरून दोर सोडून माप घेता येत नाही. आत उतरावंच लागतं. कमानीच्या आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. फोटोत उजेड वाढवून पाहिला, तरी काळंच.

ब्राह्मीने पुरणपोळी खाता खाता जाहीर केलं, ती जाणार. मिरजेला ज्या आर्किटेक्टकडे काम करते तिथून मोजणीची टेप आणणार आहे. हे म्हणाले, ‘जा की. तुझ्या आईचं पान एकदाचं भरू दे.’ मला हसू आलं. खूश होते मी, खोटं कशाला लिहू?

४ एप्रिल, शुक्रवार

धाकट्या बारवेच्या पानावर परत आकाराम! ‘घरातली म्हनली, बारवंकडनं कुजल्याल्या अंड्यावानी वास येतोय. वरल्या अंगाला पोल्ट्री हाय, मेल्याल्या कोंबड्या कोन कुटं टाकतंय देव जानं. मलाबी आला वास. डोस्कं धरलं.’

ना माप, ना फोटो. कोंबड्या – पशुपक्षी? वास – इतर? पाच मिनिटं विचार केला आणि ‘इतर’मध्ये ठेवलं. बरोबरच आहे.

७ एप्रिल, सोमवार

वासाची ती पोस्ट मी तीनदा हलवली, ती त्याने चौथ्यांदा त्याच पानावर आणून चिकटवली. आता बाकीचे कुरकुरायला लागले. सोनिया नावाच्या सदस्येने लिहिलं, ‘एकाला सूट आणि आम्हाला नियम?’ खरंच होतं तिचं. मी आकारामला मंजुरीच्या रांगेत टाकलं. म्हणजे त्याने लिहिलेलं आधी फक्त मला दिसणार, मी हो म्हटलं तरच इतरांना. रांग दर रविवारी बघायची. रोज कोण बघत बसणार?

बटण दाबलं.

१० एप्रिल, गुरुवार. महावीर जयंती

मिरवणुकीत चालून पाय भरून आले. दिवसभर साइट उघडली नाही. छान गेला दिवस.

१३ एप्रिल, रविवार

रांग बघितली. आकारामची एकच पोस्ट. पहिली ओळ – ‘आज्जाचा कंदील आज माळ्यावरनं काढला.’ पुढे तीसेक ओळी, मधे कुठे परिच्छेद नाही, स्वल्पविराम नाही, एकसलग लिहिलंय. डोळे दुखतात. मंजूर करून ‘आठवणी’त ठेवलं. दोघांनी खाली ‘छान आठवण, भाऊ’ असं लिहिलं. पारावर सगळे असंच लिहितात, वाचो न वाचो. बघा, जागेवर ठेवलं की कुणाचीच तक्रार नसते.

१५ एप्रिल, मंगळवार

दुपारी आकारामचा फोन. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. साइटच्या पत्त्याखाली आहे म्हणा. आवाज पोस्टींपेक्षा बराच हळू. आधी शेळीची तब्येत, मग गुडघा, मग नातीची परीक्षा. मी ‘हं, हं’ करत डाळ निवडत होते. मग म्हणाला, ‘म्याडम, ती बारव बरी न्हाई.’

‘बरी नाही म्हणजे?’

‘न्हाई बरी. आत काय तरी हाय.’

झालं! विहिरीत आसरा, नाहीतर मुंजा. मी म्हटलं, ‘भाऊ, तसल्या गोष्टींचा वेगळा कप्पा आहे.’

‘तसलं न्हवं वो.’ मग म्हणाला, ‘तुमची मानसं पान वाचून येत्यात. पानावर असल्याबिगर आयकायची न्हाईत. माझं तर वाडीत बी कोन आयकत न्हाई, म्हनत्यात फौजी बडबडतोय. तवा ते पानावर ऱ्हायला पायजे.’

मी शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं – पानावर राहायचं तर नमुना भरायचा. माप घालायचं. मापाशिवाय मी ठेवू शकत नाही, सगळ्यांना एकच नियम.

‘माप असलं तर ऱ्हाईल? मग हलवणार न्हाई न्हवं?’

‘अजिबात नाही हलवणार.’

‘मग आनतो माप.’

फोन ठेवला. शेवटी एकदाचं शिरलं डोक्यात! ब्राह्मीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, ‘आई, माणूस फोन करून सांगतोय, तर काहीतरी असेल.’ मी म्हटलं, असेल तर लिहील की नीट.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळपासून उगीच अस्वस्थ. उन्हाळा बाधला असावा. कोकमाचं सरबत केलं.

धाकट्या बारवेचं पान तीनदा उघडलं. सगळं ठीक आहे. स्वच्छ पान. एक फोटो, नाव, ठिकाण, आणि खोलीपुढे रिकामी जागा. दुसरा एक शब्द नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

वीरधवलचा फोन. सहा जण ठरले. आधी ब्राह्मी आणि तो असे दोघेच उतरून माप घेणार, मग गाळ. ‘काकू, रविवारी दुपारपर्यंत तुमचा रकाना भरला समजा.’ मी विचारलं, ‘गावातल्या कुणाशी बोललास का?’ तर म्हणाला, पान वाचलंय, त्यावर काही अडचण लिहिलेली नाही.

हो, लिहिलेली नाही.

१९ एप्रिल, शनिवार

ब्राह्मीची पिशवी भरली. टेप, टॉर्च, हेल्मेट, दोर, बूट. पहाटे निघणार म्हणून दशम्या करून दिल्या. आज तिला दोनदा उगीचच हाक मारली. ‘काय गं आई?’ म्हणाली, तर दशम्या पिशवीत आहेत एवढंच सांगितलं.

२० एप्रिल, रविवार

सकाळी साडेआठ. हे हरिपूरहून आत्ता आले. रविवारी कृष्णेच्या कडेने चालत जातात ते. माझं माहेर तिथलं, आमच्या वडिलांची हळदीची पेवं होती तिथे. माणसाच्या दुप्पट-तिप्पट खोल खड्डे, आत हळद भरून वरून तोंड मातीने लिंपून टाकायचं. आता कोण ठेवतंय पेवात? पण एकाचं अजून होतं, ते आज फोडणार म्हणून हे बघायला थांबले होते. पोह्यांची बशी हातात घेता घेता म्हणाले, ‘काही नाही झालं. कंदील सोडला, तो विझला. उद्यावर ढकललं.’

माझ्या हातातला झारा खाली पडला.

पेव फोडलं की आधी कंदील. कंदील विझला की आत हवा नाही. माणूस उतरला तर दोन श्वासांत आडवा. हे मला कुणी शिकवावं लागत नाही! सात-आठ वर्षांची असल्यापासून बघितलंय. वडील मला हाताला धरून चार हात लांब उभं करायचे.

आज्जाचा कंदील आज माळ्यावरनं काढला.

आठ पन्नास. ब्राह्मीचा फोन लागत नाही. वीरधवलचाही नाही. संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

नऊ. ‘आठवणी’ उघडून वाचलं. सगळं वाचलं. इथे उतरवून ठेवते.

‘आज्जाचा कंदील आज माळ्यावरनं काढला. काच धड हाय अजून. आज्जा म्हनायचा, बारवंत उतरायच्या आदी दिवा उतरला पायजे. आमच्याकडं तसंच करत्यात, पन आता कोन उतरतच न्हाई. पारवं गेली, वास सुटला, म्हनून मनलं बघू. कंदील दोरीला बांधून कमानीतनं खाली सोडला. चार पायऱ्या गेला आन इझला. परत लावला, परत इझला. तिसऱ्या बारीला वात मोठी केली, तरी बी इझला. वारा न्हवता. विसाव्या तारखंला पाव्हणं येनार हायत तेनला कुनी तरी सांगा, कमानीच्या आत पाऊल घालू नगा. आमी बारक्यापनी हितं पवायचो, लय ग्वाड पानी व्हतं.’

आणि खाली – ‘छान आठवण, भाऊ.’ आणि अंगठा.

नऊ वीस. पारवे पशुपक्षीत. वास ‘इतर’मध्ये. कंदील आठवणींत. तिन्ही जागा बरोबर. एका पानावर एकाखाली एक असते, तर चौथीतल्या पोरालाही कळलं असतं! मी तीन कपाटांत ठेवून किल्ल्या लावल्या. मीच. दुसऱ्या कुणी नाही.

नऊ चाळीस. आकारामचा नंबर फिरवला. वाजतोय, उचलत नाही, पुन्हा पुन्हा फिरवतेय. हे गाडी काढू का म्हणतायत. दीडशे किलोमीटर! पोचेपर्यंत काय राहणार? मी ओरडले त्यांच्यावर. ते शेजारी येऊन बसले.

नऊ पंचावन्न. साइटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं – धाकट्या बारवेत कुणीही उतरू नका. एकवीस मिनिटांनी धनाजी नावाच्या कुणाची टिप्पणी, ‘मॅडम, हे मोहिमेच्या धाग्यात हवं ना?’

दहा पंचवीस. ब्राह्मीचा फोन आला! ती बोलत होती. जिवंत होती. मला आधी काही ऐकूच येईना, नुसता तिचा आवाज ऐकत होते. मग ऐकलं. ते उतरले नव्हते. वरच्या पायरीवर चपला होत्या. जुन्या, कातडी, नीट जुळवून ठेवलेल्या. शेजारी विझलेला कंदील आणि मोबाईल. तिथे रेंज फक्त त्याच मोबाईलला; तो मधेच वाजत होता, थांबत होता. वीरधवलने कमानीत तोंड घालून हाका मारल्या, उत्तर नाही. तो आत जायला निघाला तेव्हा ब्राह्मीने त्याला मागून धरलं. चपला काढून कुणी आत गेलंय आणि ओ देत नाही, मग आपण कसं जायचं – एवढंच तिला सुचलं म्हणे. ती रेंज मिळवायला रस्त्यापर्यंत पळत आली होती.

‘आई, ते आकारामभाऊ आहेत का गं? लोक म्हणतायत फौजी आहे.’

त्या मोबाईलवर वाजणारा फोन माझाच होता.

संध्याकाळ. हवेच्या टाक्या पाठीला लावलेली माणसं आली, तेव्हा तीन वाजता बाहेर काढलं. आकारामभाऊ गेले. सकाळीच गेले असणार, असं ती माणसं म्हणाली. ब्राह्मी उजेड असतानाच घरी पोचली. तिने हातपाय धुतले आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. सव्वीस वर्षांची मुलगी. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. माझी मुलगी आली, आणि तिकडे एका घरी कुणी येणार नाही. जेवण कुणालाच गेलं नाही, आणि सूर्य मावळून गेला.

२१ एप्रिल, सोमवार

वीरधवलचा फोन. रडत होता. गावात म्हणतायत शेळी कमानीच्या आत गेली म्हणून फौजी मागोमाग उतरला. असेल. शेळ्यांवर फार जीव होता त्यांचा. शेळी गेली असणार. तसंच असणार.

साइटवर श्रद्धांजलीचा धागा निघालाय. दीडशे प्रतिसाद. वीरधवलने शेवटी चाचरत विचारलं, ‘काकू, हा धागा... विहिरीच्या पानावर आहे. पारावर हलवायचा का?’

मी फोन बंद केला.

२२ एप्रिल, मंगळवार

दिवसभर एकच विचार. शेळी गेली. शेळीमागे माणूस गेला. यात माझा काय दोष? ती पोस्ट जागेवर असती तरी शेळी आत गेलीच असती.

हे शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. मी हे मोठ्यानेच म्हटलं. त्यांनी वर बघितलं, आणि चष्मा काढून ठेवला.

२३ एप्रिल, बुधवार

धीर करून आकारामभाऊंच्या नंबरावर फोन केला. त्यांच्या पत्नीने उचलला. मनुबाई. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. तर म्हणाली, ‘तुमी व्हय त्या पानाच्या म्याडम? लय नाव काढायचं तुमचं. म्हनायचं, लय शिस्तीच्या हायत, साहेबावानी.’

मग मी विचारलं. विचारायला नको होतं. ‘शेळी आत गेली होती का हो?’

‘न्हाई वो ताई. शेरडं समदी बांदल्याली व्हती. ह्यांनी पाटं उठून टेप मागितला. सुताराचा आनल्याला व्हता आदल्या दिशी. मनलं, कशाला? तर मनलं, म्याडमनं सांगितलंय.’

फोन तसाच चालू होता. मागे शेळ्या ओरडत होत्या.

२४ एप्रिल, गुरुवार

रविवारी मंजुरीची रांग बघायची राहून गेली होती. आज उघडली. एकच नोंद. शनिवार, १९ एप्रिल, दुपारी चार वाजून बारा मिनिटं.

नाव : धाकटी बारव.
ठिकाण : आमची वाडी, चिंचंखाली.
तारीख : २० एप्रिल.
खोली : उद्या पाटं उतरून भरतो. पाव्हणं यायच्या आत. तोंडाला वला टावेल बांधून, दम धरून जातो आन येतो, फौजेत असलं लय केलंय.
मोजणारा : आकाराम.
शेरा : कंदील तीनदा इझला. कुनी उतरू नगा. म्याडम, आता तरी हलवू नगा.